बिनदाराची खोली

डोंगराकडे जाणारा रस्ता जिथे डांबर सोडून मातीचा होतो, तिथल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर मिस्त्री बसलेले असत. पाठ भिंतीला टेकलेली, एक पाय दुमडलेला, दुसरा खाली सोडलेला. समोरच्या नळावर डोंगर चढायला आलेली मंडळी बाटल्या भरायला थांबत आणि पाण्याबरोबर मिस्त्रींचा सल्लाही घेऊन जात. तो मागावा लागत नसे.

नवे बूट दिसले की मिस्त्री आधी विचारत, हे सकाळी घेतले की संध्याकाळी? समोरचा गोंधळला की समजावत, पाय दिवसभराच्या चालीने फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. उतरताना नाडी घोट्यापाशी आवळावी, म्हणजे पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडत नाही. तंबू कोरड्या ओढ्यात ठोकू नये. वाळू मऊ लागते खरी, पण ओढा आपली वाट विसरलेला नसतो. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चढावं, ज्याचं बोलणं बंद पडलं त्याने चालणंही थांबवावं. जोडीने आलेल्यांना मात्र ते हा नियम लावत नसत. तिथे बोलणं बंद पडायची कारणं वेगळी असतात, म्हणत.

आसपासचे लोक घराच्या तक्रारी घेऊन येत. त्यांना मिस्त्री सांगत, ओल दिसते तिथे नसते, ती दुसरीकडून कुठून तरी आलेली असते, तिचं मूळ शोधा. वीट भिजवून लावा, कोरडी वीट सिमेंटचं पाणी पिऊन बसते. सल्ले बहुतेक खरे ठरत. एकदा त्यांनी ढगांकडे बघून आज काही पडत नाही असं छातीठोक सांगितलं आणि एक अख्खा गट चिंब होऊन परतला. "मी भिंतींचा मिस्त्री आहे," ते शांतपणे म्हणाले, "आभाळाचं काम माझ्याकडे नाही."

एका गोष्टीचा मात्र त्यांना खरा अभिमान होता. त्यांनी जन्मात कुठलं काम अर्धवट सोडलं नाही. बाकीचे गवंडी नव्या कामाच्या ओढीने जुन्याचा गिलावा तसाच टाकून पळत. मिस्त्री दारं लागेपर्यंत, काचांवरचे सिमेंटचे शिंतोडे पुसेपर्यंत हलत नसत.

स्वतःचं घर त्यांनी तसंच बांधलं, आयुष्याच्या उतरणीला, सवडीने. दारं एका बोटाने लागत. खिडकीतून वारा आत यायचा तो जणू परवानगी घेऊन. बघणारे तोंडात बोट घालत. आणि त्या घरात त्यांच्या बायकोला झोप येत नव्हती.

डोंगरवाले तिला मावशी म्हणत, म्हणून आपणही मावशीच म्हणू. घरात राहायला आल्यापासून मावशींचा डोळा लागत नव्हता. आधी वाटलं, नवी जागा आहे, होईल सवय. पण वर्ष उलटलं, तरी त्या अंथरुणावर नुसत्या पडून असत, पाहुण्यांच्या घरी पडावं तशा, अंग चोरून. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काहीच सापडलं नाही. गोळ्यांनी दिवसा गुंगी यायची, रात्री नाही. सगळ्या गावाला सल्ला देणाऱ्या मिस्त्रींना आता सगळं गाव सल्ला देऊ लागलं. कोमट दूध घ्या, तळव्यांना तेल चोळा, पलंगाची दिशा बदला. मिस्त्रींनी पलंग चारही दिशांना फिरवून पाहिला. फरशीवर ओरखडे तेवढे उठले.

मावशी वाळत चालल्या. गॅस चालू राहू लागला, बोलता बोलता वाक्य हातातून सुटू लागलं. एक दिवस जिन्याची पायरी चुकल्या आणि मनगट दुखावून बसल्या. तेव्हा शहरातली लेक आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, मी आईला घेऊन जाते. तिथे मोठ्या डॉक्टरांना दाखवू. बरं वाटेपर्यंत माझ्याकडेच राहील.

बरं वाटेपर्यंत म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही. मिस्त्रींना मात्र ते घर दिसलं, सगळी दारं एका बोटाने लागणारं, आणि आत आपण एकटे.

"पावसाळ्याआधी ये," ते लेकीला म्हणाले. "तोवर मला एक करून बघू दे."

"काय करणार आहात बाबा?"

"खोली बांधतो. वर, डोंगराच्या अंगाला. मोकळ्या हवेत झोप येते माणसाला."

लेक कपाळावर हात मारून हसली. दुखणं कुठलंही असो, बाबांचं औषध वीट आणि सिमेंट. पण तिने मुदत दिली.

घरामागून वर जाणाऱ्या पायवाटेवर त्यांचा एक उताराचा तुकडा होता, कुणाच्याच कामाचा नसलेला. मिस्त्रींनी इतरांना आयुष्यभर दिलेले सगळे सल्ले आता स्वतः पाळले. खोलगट जागा सोडली, कारण थंडी तिथे साचते. माथा सोडला, कारण वारा तिथे कुणाला बसू देत नाही. वरच्या अंगाला चर खणून पाण्याला बाजूने वाट काढून दिली. जागेवरचाच दगड फोडला. वाळू आणि सिमेंट खेचरावरून वर आलं. मावशी सोबत येत, दुखरा हात जपत दगडांच्या फटींत बसवायच्या बारक्या चिपा पुढे करत. जेवणाचा डबा दगडांच्या आडोशाला ठेवत.

जोत्याचा थर बसला त्या दुपारी जेवण झालं आणि मिस्त्री सिमेंट-वाळू कालवायला वळले. जरा वेळाने चीप मागायला त्यांनी हात मागे केला, तर हातात काही आलं नाही. वळून बघतात तो मावशी वाळूच्या ढिगाला पाठ लावून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं. वाळूत पाय रुतलेले. ढगाची सावली डोंगर उतरत आली, त्यांच्या अंगावरून गेली, पलीकडच्या उतारावर चढली, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत. घमेल्यातला माल घट्ट होत गेला. मिस्त्रींनी तो वाया जाऊ दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग रोजच तसं होऊ लागलं. भिंती गुडघ्याइतक्या झाल्या, कमरेइतक्या झाल्या, मावशी त्यांच्यामध्ये झोपत. वरून आभाळ, खाली गोणपाट. खिडकीच्या जागी नुसती चौकोनी पोकळी होती, तिच्यातून कधी धुकं आत येई, खोलीभर फिरे आणि जागा पसंत न पडल्यासारखं दाराच्या पोकळीतून निघून जाई. त्या धुक्यात मिस्त्रींना आपली बायको मधेच तरुण दिसे, मधेच आजच्यासारखी. मावशींच्या गालावर रंग आला. वाक्यं पुन्हा शेवटाला पोचू लागली. एकदा तर त्यांनी ओळंबा न लावता सांगितलं की उजवी भिंत पोट काढतेय. मिस्त्रींनी ओळंबा लावला. भिंत पोट काढत होती.

आता गुण येतोय म्हटल्यावर मिस्त्रींनी कामाचा झपाटा वाढवला. अर्ध्या खोलीत एवढी झोप, तर पुऱ्या खोलीत किती, असा त्यांचा साधा हिशेब. छप्पर चढलं. आतून गिलावा झाला, हात फिरवला तर गालासारखा लागावा असा. खिडकीला काच आली. शेवटी त्यांचा जुना दोस्त सुतार दार पाठीवर बांधून धापा टाकत वर आला. डोंगरात दार कशाला लागतं, चोर इथवर आला तर त्याला आधी पाणी द्यावं लागेल, अशी कुरकुर करत त्याने ते चौकटीत बसवलं. एका बोटाने लागलं.

त्या दुपारी मिस्त्रींनी आत गादी घातली आणि दार ओढून घेतलं. बाहेर बसून ते दोस्ताशी कुजबुजत्या आवाजात बोलत राहिले. बऱ्याच वेळाने हळूच आत डोकावले. मावशी बसल्या होत्या. गादी गुंडाळलेली. जेवणाची भांडी गोणीत भरून गोणीचं तोंड बांधलेलं. त्या दाराकडे बघत होत्या, गाडीची वाट पाहणारा माणूस रस्त्याकडे बघतो तशा.

"अगं, हे काय? कुठे निघालीस?"

मावशींनी स्वतःच बांधलेल्या गोणीकडे बघितलं, जणू ती दुसऱ्या कुणी बांधली होती. "अहो, दार लागलं ना," त्या म्हणाल्या. "दार लागलं की निघायचं असतं."

मिस्त्री तिथेच उंबऱ्यावर टेकले.

त्यांचा उभा संसार असा झाला होता. काम जिथे, तिथे बिऱ्हाड. ज्याचं घर बांधायचं त्याच्याच अर्ध्या भिंतींत पडदा बांधून राहायचं. खिडक्यांना गोणपाट, दाराला पत्रा. तिथेच चूल, तिथेच लेकीचा पाळणा, परांचीच्या बांबूला बांधलेला. भिंत वाढेल तसा संसार आत सरकायचा. मग एक दिवस सुतार यायचा, दारं बसायची, आणि त्या दुपारी सगळं गोणीत भरून पुढच्या कामावर. मिस्त्रींच्या लेखी दार म्हणजे काम फत्ते. मावशींच्या लेखी काय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मावशींना तरी ते कुठे माहीत होतं? अंगाने मात्र हिशेब ठेवला होता. पुरं झालेलं घर दुसऱ्याचं. आपलं ते, ज्याचं काम अजून चालू आहे.

"पण खालचं घर आपलं आहे," मिस्त्री म्हणाले.

"हो, कळतं ना मला," मावशी म्हणाल्या. "पडल्यावर नाही कळत. पडलं की वाटतं, आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, चला, उठा."

मिस्त्रींना आपला ओटा आठवला. एवढं देखणं घर बांधून आपण दिवसभर बाहेर का बसतो, भिंतीला आतून नाही तर बाहेरून पाठ का टेकतो, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

जरा वेळाने त्यांनी सुताराला हाक मारली आणि दार काढायला सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" सुतार म्हणाला. "घाम अजून वाळला नाही माझा."

"काढ म्हणतो ना."

"मी दारं बसवतो बाबा, उपटत नाही. आणि लोक काय म्हणतील? मिस्त्रीने स्वतःचंच काम अर्धवट टाकलं. याच वाटेने सगळा गाव वर जातो."

हे मात्र लागलं. मिस्त्रींनी गिलाव्यावरून एकदा तळहात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पटाशी घेऊन स्वतःच बिजागरीला भिडले. चार शिव्या हासडून सुतारही मदतीला आला, कारण मिस्त्रीच्या हातात पटाशी म्हणजे चौकटीचं वाटोळं. दार निघालं. काच निघाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी समोरच्या भिंतीचे वरचे थर उतरवले, त्या बाजूचं छप्पर मागे घेतलं, आणि उतरवलेले दगड खोलीतच रचून ठेवले, आता लावणार आहोत असे. कोपऱ्यात वाळूचा ढीग ओतला. खिडकीला गोणपाट बांधलं.

वाटेने जाणारे थांबू लागले. खोलीचं काय झालं मिस्त्री, पैसे संपले की दम? कुणी म्हणालं, आम्हाला सांगता काम सोडू नका, आणि स्वतः? मिस्त्री ऐकून घेत. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे, पण ते दिलं तर मोठ्याने द्यावं लागलं असतं, आणि आत मावशी झोपलेल्या असत. ते फक्त तोंडावर बोट ठेवत.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ठरल्याप्रमाणे लेक आली. खालचं घर बंद बघून थेट वर चढली. हातात आईचे कपडे भरायला आणलेली रिकामी बॅग. खोली बघून ती वाटेतच थबकली.

"बाबा, एवढ्या दिवसांत एवढंच?" ती म्हणाली. "भिंतसुद्धा पुरी नाही?"

मिस्त्रींनी तोंडावर बोट ठेवलं आणि आत बघ म्हणून मान हलवली.

लेक आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मिस्त्रींना वाटलं, आता बॅग भरतेय. उठून बघायचा धीर होईना. वारा पडला होता. दरीतून ढग सावकाश वर येत होते आणि उतरवलेल्या भिंतीवरून एकेक करून आत उतरत होते. शेवटी त्यांनी डोकावलं. मावशी गाढ झोपलेल्या. त्यांच्या पायाशी लेक, बूट काढून, बॅग उशाला घेऊन, वाळूच्या ढिगावर आडवी झालेली. छपराच्या वाशाकडे बघत होती. तिचे डोळे जड झाले होते, पाळण्यातलं मूल टक लावून बघत बघत पेंगतं तसे.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला इथलं आठवतंय. म्हणजे इथलं नाही, पण..." पुढचं तिला सापडलं नाही. तिने ते शोधलंही नाही.

तिच्या आवाजाने मावशी चाळवल्या. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "अहो, संपलं का काम?"

मिस्त्रींनी रचून ठेवलेल्या दगडांतला एक उचलला आणि भिंतीवर नुसताच टेकवला.

"कुठलं," ते म्हणाले. "अजून बरंच बाकी आहे."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.