खिडकीचे माप

थोरल्या भावाच्या परसातल्या खेळण्यातल्या स्टेशनापायी मी एकदा तुरुंगात जाता जाता राहिलो. दादा गेल्या महिन्यात गेला. त्याच्याविषयी चार गंभीर ओळी लिहायला बसलो, आणि आठवले ते हेच. (त्याला चालले असते.)

बेचाळीसनंतरचे ते दिवस. आमच्या भागात रूळ उखडले जात होते, स्टेशने पेटत होती. आणि सांगलीत दादा पेरूच्या झाडाभोवती किल्लीची आगगाडी धावावी म्हणून पत्र्याचे रूळ टाकत होता! स्टेशन खोक्याच्या फळ्यांचे. त्याला त्याने काड्यापेटीच्या काड्यांच्या तीन खिडक्या करून पाहिल्या : कमानीची, झडपांची आणि अभ्रकाची तावदाने लावलेली. मी तिन्ही पसंत केल्या.

"तुला सगळंच पसंत पडतं," दादा म्हणाला. "खऱ्या स्टेशनाची खिडकी मोजून आण. जमिनीपासूनची उंचीसुद्धा."

मी शाळामास्तर. मोजणे झेपेल असे वाटले. साताऱ्याच्या बाजूला एका लहान स्टेशनावर उतरलो आणि सुतळी लावून एकेक माप वहीत टिपू लागलो. (दोन गजांतून मांजरही जाणार नाही, हेसुद्धा टिपले!)

"काय पावनं, आत शिरायचा इचार हाय व्हय?"

मागे हवालदार उभा होता.

"खेळण्यातल्या स्टेशनाला खिडकी करायची आहे," मी म्हणालो. खरे बोलणे किती खोटे वाटू शकते, हे मला तेव्हा कळले.

त्याने मला फौजदारापुढे उभे केले. फौजदाराने वही चाळली. "उंची लिवलीया, गज मोजल्यात. आन रॉकेलचा डबा कुठं ठिवलाय?"

कोठडी दिसू लागली, तिच्यामागे गेलेली नोकरी. "घरी चला, स्टेशनच दाखवतो!" मी ओरडलो.

पुढच्या गाडीने आम्ही तिघे सांगलीला आलो. दारात वहिनी, पांढरीफटक.

"वहिनी, ते स्टेशन आणा!"

"आवं भावजी, तुमास्नी पोलिसांसंगं येताना बघितलं, आन मी ते बंबात घातलं!"

एरवी तासभर धुमसणारा बंब त्या दिवशी ढणढणा पेटला होता.

"म्हंजे पुरावा जाळला," फौजदार म्हणाला.

"परसात रूळ आहेत!" मी त्यांना मागे ओढतच नेले. रूळ होते. मधला हातभर गायब होता.

"ह्यो रूळ कुणी काढला?"

"मी," पेरूखाली बसलेला दादा शांतपणे म्हणाला. "वाकला होता. सरळ करायला काढला."

"रूळ काढायचा सराव चाललाय तर!"

हवालदाराने बेड्या चाचपल्या. फौजदार माझ्याकडे वळला. "खिडक्यांची येवडी हौस हाय, तर एक करून दावा. आत्ता, माझ्याम्होरं. न्हाईतर चला."

दादाने शेजारच्या काड्यापेटीकडे आणि चिकटवायच्या खळीच्या वाटीकडे हात नेला. "तुमी न्हाई," फौजदार म्हणाला. "ह्यांनी."

पहिली काडी मोडली. दुसरी अंगठ्याला चिकटली. तिसरी पेटीला घासली जाऊन पेटलीच. मी घाबरून ती खळीच्या वाटीत टाकली. अर्ध्या तासाने खिडकी झाली, पण तिला कोपरे तीन होते. दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. बिचारा रडतोय असे मला वाटले. तो हसत होता!

फौजदाराने ती उचलली. ती त्याच्या हातातच सुटी झाली.

"साहेब, घालू बेड्या?" हवालदाराने विचारले.

"सोड रं. स्टेशन जाळणाऱ्यांनी ह्यांला संगं घेतलं, तर आपलंच काम हलकं हुईल."

मग त्याने जबाब लिहिला : 'सदर इसमास खिडकी करता येत नाही. सबब कोणताही धोका नाही.' इतका अचूक अभिप्राय मला शाळेनेही कधी दिला नव्हता. मी आनंदाने सही केली. फक्त अंगठा कागदाला चिकटला, तो दोघा पोलिसांना मिळून सोडवावा लागला.