नलूबाईंनी मागितलेली नात

नलूबाईंच्या पोटात गोष्ट राहत नाही. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या फाटकाशी त्यांची तर्री-पोह्यांची टपरी आहे आणि पोह्यांसोबत घरच्या बातम्या त्या फुकट वाढतात. नवरा उकंडा बशा विसळत ऐकतो आणि मधेमधे कपाळाला हात लावतो. त्यामुळे त्यांची सून पायल आई होणार की नाही, हा आम्हा सगळ्या कामगारांचाच प्रश्न होऊन बसला होता.

प्रश्न हसण्यासारखा मात्र नव्हता. नलूबाईंची लेक गौतमी ऐन कॉलेजात असताना सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेली. तिची हाडं ठणकायची, ती रडायची आणि आई गरम फडक्यानं शेकत बसायची. मुलगा अतुल धडधाकट, पण सिकलचा वाहक. त्यानं प्रेमानं लग्न केलं ते पायलशी, आणि तीही वाहकच निघाली. लेकरू गौतमीसारखं झालं तर, या धास्तीनं दोघं मूलच नको म्हणून बसले होते. शेवटी नलूबाईंनीच त्यांना नागपूरला नेलं. तिथे गर्भ शरीराबाहेर तयार करतात, प्रत्येकाची सिकलची तपासणी करतात आणि निरोगी असेल तोच आईच्या पोटात ठेवतात. त्यापायी गावाकडचा जमिनीचा तुकडा गेला, पण उकंडानं हूं की चूं केलं नाही.

"एवढा खर्च करून राह्यले, तं पोरगाच मांगा ना," असं टपरीवरच्या शहाण्यांनी पोहे खाता खाता सुचवलं. नलूबाई नुसत्या हसल्या. त्यांच्या मनात भलतंच होतं.

तपासणीत दोन गर्भ निरोगी निघाले. त्यातला एक ठेवायचा होता. अतुल-पायल बाहेर गेल्याबरोबर नलूबाई डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेल्या.

"बाई, दोघातली पोरगी असन, तं तेच ठेवा."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे.

"वाचली ना मी. ते पोरगा मांगणाऱ्याइसाठी हाये. मी तं पोरगी मांगून राह्यली. मंग गुन्हा कायचा?"

"मावशी, मुलगी मागितली तरी ती निवडच झाली. मी फक्त आजार बघते. बाकीचं मी सांगत नाही, कुणालाच."

दुसऱ्या दिवशी नलूबाईंनी टपरीवर जाहीर केलं, "पोरगी मांगाले गेलती, गुन्हेगार होऊन आली." आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो. त्याही हसल्या, आणि मग पाठ फिरवून बराच वेळ कढईतले पोहे हलवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. बाई आपली गौतमीच परत मागायला गेल्या होत्या.

पोरगा झाला. रक्त तपासलं, सिकलचा आजार नव्हता. नलूबाईंनी अख्ख्या एमआयडीसीला जिलेबी वाटली. आमच्याकडे पोरगा झाला की पेढे, पोरगी झाली की जिलेबी. त्यामुळे जो तो नातीबद्दल अभिनंदन करत होता आणि ही बाई चेहरा सरळ ठेवून ते घेत होती. दुपारी उकंडानं बिंग फोडलं.

"पोरगा झाला, तं जिलेबी काहून, नलूबाई?" आम्ही विचारलं.

"मी हलवायाले जिलेबी आधीच सांगून ठेवलती," त्या म्हणाल्या.

नातू आता रांगतो. पायल त्याला दुपारी टपरीवर घेऊन येते. काल त्यानं असा काही गळा काढला की फाटकावरचा वॉचमनसुद्धा वळून पाहू लागला. पायल वाटी-चमचा घेऊन धावली. नलूबाई जागच्या हलल्या नाहीत. हातात झारा, मान जराशी कलती, आणि तोंडभर हसू.

"नलूबाई, लेकरू रडून राह्यलं ना," मी म्हटलं.

"रडू द्या. भुकेचं रडणं हाये," त्या म्हणाल्या. "हाडाचं नाही."