आत कोण होतं

अस्तित्ववाद हा शब्द कानावर पडला की मला ब्लीचिंगचा आणि मुताचा वास येतो. त्यात माझा दोष नाही. पॅरिसला, सें-जेर्मेंच्या ज्या कॅफेत मी वेटर होतो, तिथे वर टेबलांवर माणसाच्या स्वातंत्र्याच्या चर्चा झडायच्या आणि खाली तळघरात तीच माणसं मोकळी व्हायला जायची. आमच्याकडे संडासाची कडी काढली की दारावरची छोटी पाटी फिरते आणि तिच्यावर 'लिब्र', म्हणजे 'मोकळे', असं येतं. फ्रेंचमध्ये 'स्वतंत्र'लाही हाच शब्द, आणि वरच्या मंडळींच्या वह्यांत पानोपानी तोच असायचा. फरक इतकाच, की खालच्या पाटीवर विश्वास ठेवता यायचा.

तळघर लेओन्तीनबाईच्या ताब्यात होतं. लेओन्तीन केमेनेर, ब्रिटनीकडची विधवा, निळा एप्रन, पायांत लोकरीच्या सपाता. दोन संडास, हात धुवायचं बेसिन, टेलिफोन आणि जिन्याखाली तिची खुर्ची. लोक काय काय करून ठेवायचे ते सगळं मी लिहीत नाही. एका कवीनं भिंतीवर विष्ठेनं मोठं शून्य काढलं आणि वर येऊन मित्रांना ते बघायला पाठवलं. बाईनं ते घासून काढलं. "शाई संपली असेल बिचाऱ्याची," एवढंच म्हणाली.

तिचा एक नियम होता. आत कोण आहे, कोणाबरोबर आहे, किती वेळ आहे, हे ती कोणालाही सांगत नसे. बायका नवऱ्यांना शोधत यायच्या, कधी खुद्द मालक चौकशी करायचा. "ते आम्ही सांगत नाही," असं म्हणून ती विणकामात मान घालायची.

त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत, जर्मन शहरात असताना, छापखान्यात खिळे जुळवणारा लाझार वोल्कोव जिना उतरून धावत आला. तो चोरून पत्रकं छापायचा आणि पोलीस त्याच्या मागावर होते. मी शेजारच्या कोठीतून बाटल्या काढत होतो. एक संडास तुंबलेला, दाराला फळी ठोकलेली. दुसऱ्याच्या खिडकीतून मागच्या अंगणात निघता यायचं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण त्यात रेमी शांब्रेल, वर रोज वही उघडून बसणारं आमचं एक गिऱ्हाईक, बसला होता. लेओन्तीनबाईनं तीनदा दार ठोठावलं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून विनवलं. आतून हूं की चूं नाही. लाझारला बेसिनपाशी पकडलं. जिन्यावरचे बूट वाजायचे थांबले तशी पाटी फिरली. शांब्रेल बाहेर आला, साबण लावून त्यानं हात धुतले आणि मला जवाची कॉफी आणायला सांगितली. लाझार परत आला नाही.

पाच वर्षांत हा शांब्रेल मोठा माणूस झाला. माणूस आधी नुसता असतो, मग तो निवड करतो आणि त्या निवडीतून घडतो, हे तो इतक्या गोड आवाजात सांगायचा की परदेशी बायका त्याच्या टेबलाजवळची खुर्ची मिळावी म्हणून तासभर उभ्या राहायच्या. मालक त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेत नसे. मग त्यानं नाटक लिहिलं. नाटकात तळघरातली एक बाई, ब्रिटनीचीच, निळ्या एप्रनमधली. पळून आलेल्या माणसाला ती म्हणते, "जागा नाही," आणि दार लावून घेते. प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवायचे. स्वतःची घाण दुसऱ्याच्या अंगावर टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण त्याबद्दल टाळ्या घेणारा हा पहिलाच.

सगळ्या गल्लीनं बाईला ओळखलं. कोणीतरी तिच्या चिल्लरच्या बशीत थुंकलं. तेही तिनं धुतलं. तिला लागलं ते वेगळंच. लाझारची बायको फानी शिवणकाम करायची. रेशनच्या रांगेत ती आणि लेओन्तीनबाई एकमेकींची जागा धरायच्या. नाटक लागल्यापासून फानी तिला पाहिलं की रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायला लागली.

बाई आधी शांब्रेलकडे गेली. ही गोष्ट रचलेली आहे एवढं एक वाक्य नाटकाआधी बोला, अशी तिनं विनंती केली. तो म्हणाला, "बाई, सत्य घटनेत नसतं हो, निवडीत असतं." टेबल हसलं. मग ती माझ्याकडे आली. आत कोण होतं ते सांगू नको, फक्त दार मी लावलं नव्हतं एवढं फानीला सांग, असं म्हणाली. मी बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय ते तिलाही कळलं असणार. शांब्रेल दुखावला असता तर मालकानं मला त्याच दिवशी रस्ता दाखवला असता.

मंगळवारी दुपारी फानी स्वतःच आली. अंगावर कोट तसाच, ती सरळ जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिनं खाली हाक मारली. लेओन्तीनबाई हात पुसत वर आली. शांब्रेल नेहमीच्या टेबलावर चारपाच चेल्यांबरोबर बसला होता.

"दार तू लावलंस?" फानीनं विचारलं.

"नाही. ते आतून बंद होतं," लेओन्तीनबाई म्हणाली. "पण ऐक. बाहेरून उघडायची चावी माझ्याकडे असते, याच खिशात. आत माणूस असला की ती वापरायची नाही, असं पहिल्याच दिवशी शिकवतात. मी तीनदा ठोठावलं. चावी आठवली ती पोलीस लाझारला वर घेऊन गेल्यावर. पाच वर्षं तुला हे सांगायचं होतं गं, धीर झाला नाही. त्याला मी वाचवू शकले असते."

चेल्यांपैकी कोणीतरी पुटपुटलं की बघा, शेवटी तिनं जबाबदारी घेतली. शांब्रेलनं समाधानानं मान हलवली. तेव्हा मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

फानीनं तिच्या एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "आत कोण होतं?"

लेओन्तीनबाईचे ओठ हलले. तिनं शांब्रेलकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते आम्ही सांगत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे कोणी नव्हतंच," फानी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ओक्ताव्ह, तू होतास ना खाली?"

लेओन्तीनबाईही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो की मी कोठीत होतो, मला काही दिसलं नाही.

फानी गेली. लेओन्तीनबाई जिना उतरून खाली गेली. शांब्रेलनं बोटानं मला जवळ बोलावलं आणि, गिऱ्हाइकानं वाइन निवडली की मी म्हणतो त्याच सुरात, हळूच म्हणाला, "उत्तम निवड."

"धन्यवाद, साहेब," मी म्हणालो.