मोठ्या जावेला काम सांगायचं कसं

बरगीच्या धरणाकाठी गोंड गावांसाठी आमची संस्था एक छोटा दवाखाना चालवते. बरीच वर्षं त्याची व्यवस्था माझ्याकडे होती. सकाळी जबलपुरातल्या घमापुरहून बसने जायचं, संध्याकाळी परत. मग संस्थेत ठरलं, की दवाखाना आता तिथल्याच माणसाने चालवावा. तिथली नर्स गोंड होती, तिशीतली, हसतमुख. तिला तयार करायचं आणि मी बाजूला व्हायचं.

ती भराभर शिकली. औषधं संपायच्या आधी मागवणं, कामाच्या पाळ्या लावणं, डॉक्टर आले नाहीत तर जबलपूरला फोन करून भांडणं, सगळं. अडलं एकाच ठिकाणी. तिची मोठी जाऊ त्याच दवाखान्यात आरोग्यसेविका होती. धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यांवर नावेने लसीकरणाला जायची पाळी जावेची, पण ऐन वेळी तिचं डोकं दुखायचं. मग नर्स स्वतःच नावेत बसायची आणि इकडे दवाखान्यात रांग ताटकळायची.

"तिला सांग ना," मी म्हटलं.

"दीदी, ये मुझसे नहीं होगा. घरी मी तिच्यासमोर खाटेवरसुद्धा बसत नाही. इथे हुकूम कसा देऊ?"

"मग मी सांगते."

तिने मान हलवली. "तुमचं ती ऐकेल. पण तुम्ही गेल्यावर?"

प्रशिक्षणात आम्ही बरंच शिकवत होतो, पण जावेचं काय करायचं ते त्यात नव्हतं. घरी आले तर आई म्हणाली, "काहून इतकी चूप बसून राहिली?" काय सांगणार? मला वाटू लागलं होतं, की मी निघाले की हा दवाखाना बसणार.

पुढच्या बैठकीत सगळे जमले. नर्स उठली, आधी जावेच्या पाया पडली. मग समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"घरी तू मोठी, ते तसंच राहील," ती म्हणाली. "पण इथलं काही बिघडलं तर लोक मला विचारतील. नावेची पाळी तुझी आहे. का जात नाहीस, ते सांग."

माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली. मी ती गिळली. शेवटी जाऊ पदराशी चाळा करत म्हणाली, "गेल्या पावसाळ्यात मधोमध नाव डोलली होती. तेव्हापासून पाणी पाहिलं की हातपाय गळतात. सांगायची लाज वाटली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू धाकटी ना."

नर्सने क्षणभर विचार केला. मग रस्त्यावरची गावं जावेला दिली, नाव दुसऱ्या सेविकेला. आणि नावेत बसणाऱ्या प्रत्येकीसाठी तरंगणारी जाकिटं मागवायला मला सांगितलं. मला! वर जावेला बजावलं, "पण यापुढे न सांगता पाळी चुकवलीस, तर मी गप्प बसणार नाही."

जाऊ जरा फुरंगटली. चारचौघांत ऐकून घेणं सोपं नसतं. पण जाताना तिनेच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

त्या संध्याकाळी बसमध्ये मला अशी गाढ झोप लागली, की कंडक्टरने हलवून उठवलं. "दीदी, आपका स्टॉप!"

आता मी संस्थेच्या जबलपुरातल्या, कांचघरच्या कचेरीत बसते. सुरुवातीला काही ना काही निमित्त काढून नर्सला फोन करायचे. एकदा ती म्हणाली, "दीदी, आत्ता नको, बाळंतीण आली आहे. काम असलं तर मीच करेन फोन."

मी घाईघाईने फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, का हसताय? काही नाही, म्हटलं, आणि डबा उघडला.