समोरची देवडी

बायको गेली त्या दिवशी सकाळी तिनं दूध तापवलं. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मी तिच्या भावाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "बाय?"

तेव्हाही तो शब्द मला खुपला. घरात मी तिला नावानं हाक मारायचो. 'बाय' ही तिच्या माहेरची हाक, ती त्याची.

माहेर उलव्याच्या बाजूचं, दगडखाणीचं गाव. बहीणभाऊ सुरुंगांच्या आवाजात वाढलेली. आता ती टेकडीच विमानतळाच्या कामात सपाट झाली आहे. मी पनवेलचा, ग्रंथालयात नोकरी केलेला. लग्नानंतर रविवारी आम्ही तिघं गडावर जायचो. रानातून उभा राहिलेला सुळका आणि त्याच्या कमरेला तट, एवढाच तो गड.

चढताना मी इतिहास सांगायचो. घाटावरून पनवेल बंदराकडे उतरणाऱ्या मालावर इथून नजर राहायची, म्हणून तो निजामशाहीला हवा होता, पोर्तुगीजांना हवा होता, महाराजांनाही. दोघं माना डोलवायची. सुळक्याच्या पायथ्याशी कोरलेल्या टाक्यांपाशी आलो की मात्र मी मागं पडायचो. टाकं म्हणजे आधी खाण. आतला दगड काढून तट बांधायचा, उरलेल्या पोकळीत पाणी साठवायचं. हे मी वाचलं होतं. ती दोघं कातळावर हात फिरवत छिन्नीचे घाव बघायची.

"बाय, ह्यो कारागीर तुज्यासारका. घाईचा."

"आनि ह्यो तुज्यासारका. काम अर्ध्यावर टाकून जेवाला गेलेला."

माझ्याशी ती असं कधी बोलली नाही. घरी तिचं मराठी माझ्यासारखंच होतं, स्वच्छ. तसं बोल म्हणून मी सांगितलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नव्हतं.

उतरताना दरवाजात विसावा. आत दोन्ही अंगांना देवड्या आहेत, पहारेकऱ्यांसाठी भिंतीत सोडलेल्या बसायच्या जागा. डाव्या देवडीत ती दोघं. तिथं तिसऱ्याला जागा नव्हती. मी समोरच्या देवडीत, पुस्तक उघडून. मध्ये चार पावलांची वाट. पलीकडे कुजबुज, मग तिचं हसणं. मी एकच ओळ पुन्हापुन्हा वाचायचो. घरी विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, असंच." माहेरच्या गोष्टी असणार, ज्यात मी कुठंच नाही, असं मी धरून चाललो. सख्ख्या भावाचा हेवा करू नये हे कळत होतं, तरी तो होता.

दिवसकार्य उरकल्यावरच्या रविवारी तो गाडी घेऊन दारात आला. आम्ही गडावर गेलो. उतरताना तो डाव्या देवडीत बसला आणि बाजूला सरकला.

"या दाजी, इथं बसा."

मी समोर बसलो. मग विचारलं, "तुम्ही दोघं इथं काय बोलायचात?"

तो लाजला. "तुमची नक्कल करायची ती."

"माझी?"

"इतिहास सांगता ना, तशी. हसून पोट दुखायचं. तुमाला सांगू नको बोलली. मनाला लावून घेतील बोलली."

म्हणजे त्या हसण्यात मी होतोच. बरं वाटायला हवं होतं. उलट हेवा आणखी वाढला. ती मला इतकं नीट बघत होती, आणि ते बघणं तिनं त्याला दिलं होतं.

"करून दाखव."

"नाय हो दाजी."

"कर."

त्यानं पाठ ताठ केली, नसलेला चष्मा वर सारला, घसा खाकरला. "मुळात पाहता... मुळात... हा माल उतरायचा कुठं? तर मुळात, पनवेलला."

आवाज त्याचा, शब्द माझे. पण दुसऱ्या 'मुळात'च्या आधी तो जरा थांबला, डावी भुवई उचलली, आणि ते थांबणं तिचं होतं.

"पुन्हा कर," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा केली. तिसऱ्यांदा त्याला जमलं नाही. तो तोंड फिरवून बसला.

आता आम्ही दोघं जातो, त्याला सवड असेल त्या रविवारी. तो डावीकडे बसतो, मी समोर. ती नक्कल त्याच्यापाशी आहे. ऐकायची तर मला त्याच्याकडेच मागावी लागते.