तीन नंबरच्या कपाटातलं मडकं

पातेलं अर्धं घासून झालं होतं. बुडाला लागलेला करपलेल्या दुधाचा थर काही हलायचं नाव घेत नव्हता. मावशीने हातातली घासणी मोरीच्या कडेला टाकली, फेसाळलेलं पातेलं खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि ठणकावून म्हणाली, "व्हेसल!"

"बरोबर," सूनबाई भाजी चिरता चिरता म्हणाली. मिठाच्या बरणीला टेकवून तिने शब्दकोश उभा केला होता. "पुढे?"

"मेटल. कंडिशन... पुअर."

"का पुअर?"

"तुझ्या सासऱ्यांनी दूध तापत ठेवलं आणि पेपर वाचत बसले, म्हणून पुअर."

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचं खाकरणं ऐकू आलं. त्यांनी जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले होते. आता निवृत्तीनंतर घरातल्या कुठल्याही वाक्यात चूक सापडते का, यावर त्यांचे कान टवकारलेले असत. "आणि माझी कंडिशन काय म्हणायची?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मावशीने जरा विचार केला. "फेअर. पण हँडल विथ केअर."

सूनबाईला हसू आवरेना. सुरी खाली ठेवून तिने डोळे पुसले.

घरात ती आई होती, पण संग्रहालयात सगळे तिला स्टूलमावशी म्हणत. मातीच्या भांड्यांच्या दालनात, दाराच्या उजव्या अंगाला, एका लाकडी स्टुलावर बसून तिने केस पांढरे केले होते. कुणी काचेला हात लावू नये, पोरांनी पळू नये, जोडप्यांनी कोपऱ्यात फार वेळ रेंगाळू नये, एवढं बघणं तिचं काम. सकाळी दालन उघडलं की ओल्या फडक्याने काचा पुसायच्या आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. शिकणं चौथीत सुटलेलं. पाहुण्यांनी काही विचारलं तर ती भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवायची.

मग नवीन साहेब आले. परदेशी पाहुणे वाढले होते, आणि साहेबांनी फर्मान काढलं की प्रत्येक दालनातल्या माणसाला आपल्या कपाटांची माहिती इंग्रजीत सांगता आली पाहिजे. संग्रहालयाची छापील पुस्तिका होतीच, तीच तोंडपाठ करायची. महिनाभराने साहेब स्वतः फिरून ऐकणार. ज्याला जमणार नाही त्याची रवानगी तळघरातल्या गोदामात. तिथे खिडकी नाही, माणूस नाही, दिवसभर खोक्यांना राखण.

मावशीने गोदाम एकदाच पाहिलं होतं. "जिवंतपणी पुरल्यासारखं वाटतं तिथे," ती घरी येऊन म्हणाली. "मी माझं दालन सोडणार नाही. शिकवा मला."

शिकवण्याची युक्ती सूनबाईची. तिने आख्खं स्वयंपाकघरच संग्रहालय करून टाकलं. कान तुटून पुन्हा चिकटवलेला कप म्हणजे रिस्टोअर्ड. आजेसासूची लोखंडी खलबत्त्याची जोडी म्हणजे एअरलूम. शेजारणीने नेऊन परत न केलेली चाळणी म्हणजे ऑन लोन. फुटक्या बशीचा तुकडा फ्रॅगमेंट, धड राहिलेली बरणी इनटॅक्ट, आणि माळ्यावरून काहीही खाली काढलं की ते एक्सकॅव्हेशन. शेजारीण एकदा चहाला आली, तेव्हा मावशी तिला तोंडावरच म्हणाली, "आमची एक वस्तू तुमच्याकडे ऑन लोन आहे हं." बिचारीला काही कळलं नाही, पण आवाजावरून अंदाज आला असावा. चाळणी दुसऱ्याच दिवशी घरी आली.

शब्द मावशीच्या तोंडात बसू लागले. देवापुढे दिवा लावून, हात जोडून झाले की ती तिथेच मांडी घालून बसायची आणि एक नंबरचं कपाट, दोन नंबरचं कपाट असं म्हणून घ्यायची. देवालाही आता इंग्रजी यायला लागेल, असं सासरे म्हणायचे.

गाडी अडली ती तीन नंबरच्या कपाटापाशी.

त्या कपाटात एकच मडकं होतं. चाकावर न घडवलेलं, हाताने वळ्या रचून केलेलं. एका बाजूला किंचित कललेलं. पण काठ असा पातळ की वाटावं, आत्ता हलेल. आणि गळ्याखाली बोटांचे ठसे, एकाला लागून एक, बारीक बोटांचे. मडकं ओलं असताना कुणीतरी ते सांभाळून उचललं होतं. मावशी रोज सकाळी या काचेवर फडकं फिरवताना अंमळ थांबायची. कुणी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं तिला व्हायचं. बाईमाणूसच असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं.

सूनबाईने पुस्तिकेतलं वाक्य वाचून दाखवलं. "धिस इज अ क्रूड व्हेसल मेड बाय प्रिमिटिव्ह पीपल."

"म्हणजे?"

सूनबाईने पानं उलटली. "क्रूड म्हणजे ओबडधोबड. बेंगरूळ. प्रिमिटिव्ह म्हणजे... आदिम, मागासलेले. अडाणी, असंही दिलंय."

हा शेवटचा शब्द मावशीच्या ओळखीचा होता. लग्न होऊन आली तेव्हा थोरल्या दिरांनी सगळ्यांसमक्ष म्हटलं होतं, अडाणी आणलीत. पुढे बँकेच्या खिडकीत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, कुणी उघड बोललं, कुणी नुसतं तोंड वाकडं केलं.

"हे नाही म्हणायचं मी," ती म्हणाली.

"आई, पुस्तिकेत आहे."

"असू दे. पुस्तिकेला काय, तिला बोलायला तोंड लागत नाही. मला लागतं. काठ बघितलास तू त्याचा? हातात साधी परात सरळ धरता येत नाही लोकांना, आणि त्याला बेंगरूळ म्हणतात. दुसरे शब्द शोध."

सूनबाईने शोधले. हँडमेड, हाताने घडवलेलं. अर्ली पीपल, फार पूर्वीची माणसं. मावशीने दोन्ही जिभेवर घोळवून पाहिले आणि ठेवून घेतले.

साहेब ऐकायला आले तेव्हा नाणेवाला नुकताच सुटला होता. हा शेजारच्या नाण्यांच्या दालनातला माणूस. त्याने आख्खी पुस्तिका एका दमात, श्वास न घेता म्हणून दाखवली होती. अर्थ त्याला एका अक्षराचाही ठाऊक नव्हता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तो दारातून मावशीला खुणावत होता, सोपं आहे, सोपं आहे.

पहिली दोन कपाटं मावशीने झोकात पार केली. एक्सकॅव्हेटेड, फ्रॅगमेंट, रिस्टोअर्ड, शब्द असे सरसर आले की साहेबांची मान आपोआप डोलायला लागली. ती तिसऱ्या कपाटापाशी आली. पदर सारखा केला.

"धिस इज अ हँडमेड व्हेसल. मेड बाय अर्ली पीपल."

साहेबांनी पुस्तिका पाहिली. "मावशी, इथे क्रूड आहे. आणि प्रिमिटिव्ह."

"ठाऊक आहे मला."

"मग म्हणा ना."

"ते नाही म्हणणार."

साहेबांना वाटलं, बाई विसरली आहे आणि वर तोरा दाखवते आहे. त्यांनी शब्द सावकाश उच्चारून दाखवले. मावशीने ते त्यांच्याहून सावकाश उच्चारून दाखवले. "येतात मला, साहेब. अर्थही येतो. म्हणून तर म्हणत नाही."

"अहो, या शास्त्रातल्या संज्ञा आहेत. शिव्या नाहीत."

"संज्ञा का असेनात. तुमच्या आईने केलेल्या भाकरीला एकदा ही संज्ञा लावून बघा, आणि मग ताट पुढे येतं का ते सांगा मला."

नाणेवाल्याने दारात जीभ चावली. साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला कागद आणि समोरची बाई यांच्यामध्ये सापडला होता, इतकंच. "पुढच्या आठवड्यात पाहुण्यांचा एक गट येतोय," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर पुस्तिकेप्रमाणे बोला. तेव्हाही हट्ट केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

घरी त्या आठवड्यात ज्याने त्याने आपली अक्कल पाजळून घेतली. नाणेवाला मुद्दाम घरापर्यंत आला. "मावशी, अहो मला विचारा! मी काय बोललो ते माझं मलाच ठाऊक नाही. बोलून मोकळं व्हायचं. मडक्याला कान आहेत का?"

"मला आहेत," मावशी म्हणाली.

सूनबाईचा जीव मात्र खालीवर होत होता. रोज संध्याकाळी स्वयंपाक सांभाळून तिने सासूला शिकवलं होतं. ते सगळं दोन शब्दांसाठी पाण्यात जाणार. "आई, पाया पडते तुमच्या. दोनच शब्द. तोंडातून काढायचे आणि चूळ भरून टाकायची. गोदामात दिवस कसे काढाल तुम्ही?"

मावशी दिव्याची वात सारखी करत होती. तिने हात थांबवला नाही. "हे बघ पोरी, गोदामाची भीती मला आहे. नाही असं सांगून तुला कशाला फसवू? पण सकाळी ज्या तोंडाने देवाचं नाव घेते, त्याच तोंडाने दुपारी त्या बाईला अडाणी म्हणू? चार परक्या माणसांपुढे? तिने काय घोडं मारलंय माझं? तिच्या हाताचं मी रोज बघते. तिला बोलता येत नाही म्हणून वाट्टेल ते म्हणायचं?"

बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. सासरे आत आले, उंबऱ्यात उभे राहिले. सूनबाईला वाटलं, आता हे तरी चार समजुतीच्या गोष्टी सांगतील.

"मी जन्मभर लोकांचं छापलं," ते म्हणाले. "जे आलं ते जुळवलं. एकदाही विचारलं नाही, हे खरं की खोटं." मग बायकोकडे न बघताच, "तू नको म्हणूस," असं म्हणून ते परत पेपराकडे गेले.

पाहुण्यांचा गट आला त्या दिवशी साहेब इस्त्रीच्या कपड्यांत होते. दालनात अत्तराचा आणि नव्या कोऱ्या बुटांचा वास भरला. मावशी स्टुलावरून उठून उभी राहिली. पहिलं कपाट झालं, दुसरं झालं. एका आजीबाईंनी काहीतरी विचारलं, मावशीने "रिस्टोअर्ड, हिअर, अँड हिअर" करून सांधे दाखवले. आजीबाई खूष झाल्या. साहेबांचा चेहरा खुलला.

तिसऱ्या कपाटापुढे मावशी थांबली. साहेब तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत हुकूम कमी आणि विनवणी जास्त होती. नुसतं हँडमेड म्हणून ती पुढे सरकली असती, तरी कदाचित निभावून गेलं असतं. पण तिला आता चोरासारखं पुढे सरकायचं नव्हतं.

"बुक सेज, क्रूड," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बुक सेज, प्रिमिटिव्ह पीपल. आय से, सॉरी. नो." तिने काचेवर न टेकता बोट धरलं. "लुक. फिंगर्स."

पाहुण्यांमध्ये खसखस पिकली, मग ती विरली. एकेक जण वाकून बघू लागला. आजीबाईंनी चष्मा वर केला, ठसे बघितले आणि आपली स्वतःची बोटं हवेत तशी जुळवून पाहिली. गटातल्या एकाने पुस्तिका उघडली, वाक्य वाचलं, खांदे उडवले आणि मिटली. त्याला त्याचं काही नव्हतं. गट चार नंबरकडे वळला. एवढंच झालं.

संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं. त्यांच्या टेबलावर चहा निवून गेला होता.

"तुम्ही मला तोंडघशी पाडलंत."

"तुम्हाला नाही हो साहेब. पुस्तिकेला."

"मावशी, पुस्तिका बदलणं माझ्या हातात नाही. ती वरून छापून येते. दालन मी तुम्हाला ठेवू शकत नाही." त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. "गोदामात मात्र नाही पाठवत. दाराशी बॅगा ठेवून घेण्याचं काउंटर रिकामं आहे. तिथे बसा. म्हणजे, उभं राहावं लागेल. तिथे इंग्रजी लागत नाही."

"माझं दालन कुणाकडे?"

"नाणेवाल्याकडे. दोन्ही तोच बघेल."

हे मात्र तिला लागलं. आता रोज सकाळी त्या काचेवरून दुसऱ्याचं फडकं फिरणार, आणि तो म्हणेल ते शब्द, एका दमात, श्वास न घेता.

"साहेब, काउंटरवर गप्प बसायचा नियम आहे का?"

"नाही. का?"

"विचारून ठेवलं."

घरी सूनबाई दारातच उभी होती. मावशीने सगळं सांगितलं. दालन गेलं म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि ती खाटेवर बसून मोकळेपणी रडली. सूनबाईने पाणी दिलं. सासरे मध्ये पडले नाहीत, नुसते येऊन शेजारी बसले.

रडून झाल्यावर मावशीने तोंड धुतलं आणि तिचा आवाज पुन्हा जागेवर आला. "दारात आहे मी आता. आत जायचं म्हणजे आधी माझ्याकडे पिशवी द्यायची. सगळ्यांना. साहेबांच्या पाहुण्यांनासुद्धा. पिशवी घेताना मी प्रत्येकाला सांगणार. केस नंबर थ्री. हँडमेड. लुक ॲट द फिंगर्स. मग आत नाणेवाल्याला काय पढायचं ते पढू दे."

"साहेब ओरडले तर?" सूनबाई म्हणाली.

"ओरडू देत. ओरडून झालं की पुढची पिशवी घेईन. तू मला अजून शिकव. पेशन्स म्हणजे धीर आणि स्किल म्हणजे कसब, एवढं कळलं, पण वाक्यात घालता येत नाही मला."

सूनबाईने डोळे पुसले आणि शब्दकोश आणायला उठली.

"आत्ता नको," मावशी म्हणाली. "उजेड आहे तोवर बाजारात जाऊन येते. उद्यापासून दिवसभर उभं राहायचंय, आणि चपलांचे तळ पार झिजलेत. नवे टाकून घ्यायचेत." तिने आपल्या चपला पिशवीत घातल्या, सूनबाईच्या चपला स्वतःच्या पायात सरकवल्या आणि ती निघाली.