मागचे दिवस मोजणाऱ्या सिस्टर

“आणि त्याच्या आदल्या दिवशी?”

हे विचारताना त्या डाव्या हाताचं एकेक बोट मिटत जायच्या. पाचही मिटली की उजवा हात पुढे यायचा. त्या महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्स. कसबा पेठेत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत मला, म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या मास्तराला, त्यांच्याबरोबर सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. त्या विचारायच्या, मी लिहायचो. आजारी माणूस कोणाकोणाला भेटला, किती वेळ बसला, खिडकी उघडी होती का.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. सिस्टर म्हणायच्या, “धुवा, हरकत नाही. पण बोलताना मास्क खाली ओढू नका.”

एका घरात पाच माणसं एकाच खोलीत होती आणि खिडकीसमोर ट्रंका रचलेल्या. “आम्ही लांब लांब बसतो,” घरातले आजोबा म्हणाले. सिस्टरांनी पलीकडच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली. थोड्या वेळाने विचारलं, “आजोबा, वास आला?”

“न यायला काय झालं? नाक शाबूत आहे माझं.”

“पण तुम्ही तर लांब बसला आहात. माणसाचा श्वासही असाच खोलीभर होतो. फक्त त्याला वास नसतो.”

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. ट्रंका हलल्या.

मग आमच्याच गल्लीत तीन घरांत माणसं आजारी पडली. गल्लीने दोन तासांत निकाल लावला: कोपऱ्यावरच्या भाजीवालीने आणला. ती सिंहगडाच्या बाजूच्या गावातून यायची. कोणीतरी तिची पाटी उलटी केली. “आवो, म्या काय केलंय? मला तर साधी शिंकबी न्हाय,” ती म्हणत होती. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहत होतो. खाली उतरलो नाही.

सिस्टरांनी तिची तपासणी करून घेतली. तिला काही नव्हतं. तिच्याकडून भाजी घेणाऱ्या पलीकडच्या दोन गल्ल्याही ठणठणीत होत्या. सिस्टर अडल्या त्या माझ्या शेजारच्या काकूंपाशी. त्या दोन महिने उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या, भाजीसुद्धा बंद केली होती. आणि आता ऑक्सिजनवर होत्या.

“त्यांच्यापर्यंत कोणीतरी घरातलंच घेऊन गेलं,” सिस्टर जिन्यात म्हणाल्या. “सर, काका कुठे बसायचे संध्याकाळी?”

मी वहीत पाहत राहिलो.

“सर, काहून लपवता जी?”

तीस वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा पुणेरी झाली होती. अमरावतीचं ‘काहून’ फक्त फार लागलं की बाहेर यायचं. मी सांगून टाकलं. लॉकडाऊन लागल्यापासून काका, मी आणि गल्लीतले आणखी दोघं, असे आम्ही चौघं रोज माझ्या खोलीत पत्ते खेळत होतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून. एकाचा घसा दुखत होता, पण त्याने गार पाण्याला दोष दिला. त्या चौघांतले तिघं आजारी पडले होते, आणि त्यांच्या घरची माणसं. मी तेवढा सुटलो होतो.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या फक्त म्हणाल्या, “कोण कुठे बसायचं, तेवढं सांगा.” सगळं लिहून झालं, माझीही तपासणी करायला सांगितली, आणि मग म्हणाल्या, “भाजीवालीचं मी सांगून उपयोग नाही. तुम्ही सांगायचं. गल्लीत उभं राहून.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. तिला म्हणाले तेव्हा तुम्ही ऐकलंच होतं.”

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या मध्यावर उभा राहून मी सांगितलं, आजार भाजीवालीने आणला नाही. तो माझ्या बंद खोलीतून पसरला. वरच्या गॅलरीतून आवाज आला, “वा मास्तर! आता पत्त्यांचे क्लास ऑनलाइन का?” कोणी हसलं नाही. चार दिवसांनी भाजीवाली परत बसली. काकू तीन आठवड्यांनी घरी आल्या. काकांनी स्वतः खिडक्या उघडून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या लाटेत माझी ड्यूटी संपली होती, शाळेचं शिकवणं मोबाइलवर चालू होतं. एका दुपारी सिस्टरांचा फोन आला. मागे यंत्राचा आवाज येत होता.

“सर, मी ॲडमिट आहे. वही घ्या.”

त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात भेटलेली, आणि कुठे, किती वेळ तेही. दोन नावांच्या मध्ये धाप लागायची. मी म्हणालो, “सिस्टर, आधी विश्रांती घ्या.”

“विश्रांतीच चालू आहे. लिहा. सात जण आहेत.”

संध्याकाळपर्यंत सातही जणांना मी गाठलं. दोघांना लागण झाली होती. वेळेत वेगळे राहिले, बरे झाले. त्यांच्या घरात कोणालाही लागण झाली नाही.

सिस्टर पाचव्या दिवशी गेल्या. सातही जण सापडले आणि लागण झालेले दोघं वेळेत वेगळे राहिले, हे मी आदल्या दिवशी त्यांच्या वॉर्डात फोन करून कळवलं होतं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. अंत्यदर्शन कोणालाच मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्याखाली एक नवीन सिस्टर उभ्या होत्या, वयाने लहान, हातात घरांची यादी, आणि दोन दारांनी आधीच परत पाठवलेल्या. मी त्यांच्या हातातली यादी घेतली.

“चला,” मी म्हणालो, “वरच्या मजल्यापासून सुरुवात करू. लोक मला ओळखतात.”

आणि मास्क नीट करून मी त्यांच्यापुढे जिना चढू लागलो.